शिक, लिव

महाडच्या आमच्या कचेरीत धोंडू शिपायाला हाक मारली, की तो 'जी' म्हणत नसे, 'आलो' म्हणत नसे. तो ओरडायचा, "हजर!" आणि ओरडायचा म्हणजे असा, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या टाकातली शाई कागदावर सांडावी. माझे दोन तक्ते त्या 'हजर'पायी वाया गेले. तीस-एकतीस सालची गोष्ट. मी विशीतला नवा कारकून होतो आणि तोंडाने फटकळ तेव्हाही होतो. "अहो धोंडूदादा, मी इथं हातभर अंतरावर बसलोय, दासगावच्या धक्क्यावर नाही!" असं मी करवादायचो. तो पिवळे दात दाखवून हसायचा आणि पुढच्या हाकेला तेवढ्याच जोरात ओरडायचा.

त्या ओरडण्यामागे कारण होतं, ते मला उशिरा कळलं. धोंडूदादाची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. चार म्हशी आणि नाचणीचा एक तुकडा. धाकटा भाऊ रामा मुंबईला गिरणीत होता. तो तिथे तापाने आडवा झाला, सोळा दिवस पडून राहिला, आणि परत गेला तेव्हा त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, दुसरा माणूस उभा! पडलेल्या दिवसांचा पगार तर नाहीच, वर नोकरीही गेली. गिरणीत न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. धोंडूदादाने त्या एका शब्दाचा धसका घेतला होता. "भाऊसायेब, रामा बदलीवाला व्हता. मी कायम हाय," असं तो छातीवरचा पट्टा चाचपत सांगायचा. बारा वर्षांत शिमग्याचे चार दिवस सोडले तर त्याने रजा घेतली नव्हती. रोज सकाळी हजेरी पुकारली जायची आणि आपण कायम आहोत हे तो सगळ्या कचेरीला ओरडून सांगायचा.

हजेरी पुकारायचे आमचे हेडकारकून. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या पलीकडे जग असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आजारपणाच्या रजेचे नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावले होते. रजा भरपगारी, पण ती कायम नोकरालाच. डॉक्टरांचा दाखला हवा. अर्ज पंधरा दिवसांत टेबलावर हवा. त्यावर अर्जदाराची सही किंवा अंगठा हवा. परत येताना तंदुरुस्तीचा दाखला हवा. यातलं एक जरी चुकलं तरी माणूस बेपत्ता धरायचा आणि नाव कमी करायचं. "नियम सगळ्यांना एकच, म्हणजे कुणाला रडायला जागा नाही," असं रावसाहेब म्हणत.

आणि त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी हजेरीला धोंडूचं नाव पुकारलं आणि कचेरीत शांतता पसरली. आम्ही सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याच्या वाडीची गंगू तूप घेऊन महाडच्या बाजाराला आली, तिने सांगितलं, "धोंडूदादा लय आजारी हाय. ताप उतरत नाय, खोकला थांबत नाय."

आता माझा शहाणपणा ऐका. आजारपणाची रजा असं सरळ मराठीत सांगायला माझी जीभ झडली असती का? पण नाही! नवा कारकून ना मी, इंग्रजीची हौस दांडगी. मी तुपाचं मडकं हातात घेऊन ऐटीत म्हटलं, "धोंडूदादांना म्हणावं, सिक लीव्ह! ताबडतोब! म्हणजे पगार चालू राहील आणि नोकरीही राहील." गंगूने दोनदा विचारून घेतलं, ओठांतल्या ओठांत घोकलं आणि ती गेली. काम झालं असं समजून मी निर्धास्त झालो.

आठ दिवस झाले, दहा झाले. अर्ज नाही, दाखला नाही. धोंडूच्या जागी बदलीवर एक तरणा पोरगेला माणूस आला होता. तो हाक मारली की हळू 'जी' म्हणायचा आणि रावसाहेबांना ते फार आवडलं होतं. तेराव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "परवाचा दिवस संपला की धोंडूचं नाव कमी. आदेश लिहून ठेवा." मी एक दिवसाची रजा मागितली, कोरा अर्ज खिशात घातला आणि पोलादपूरची मोटार पकडली. तिथून पुढे पायी.

धोंडूदादाच्या घरात शिरलो आणि दारातच थबकलो. सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, हात पोचेल तिथवर, पांढरी अक्षरं! चुन्याच्या बोटाने काढलेली, वाकडी, लठ्ठ, एकावर एक चढलेली. खाली घोंगडीवर धोंडूदादा, गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, हातात तंबाखूची डबी आणि बोटाला चुना. बाजूला गावी परतलेला रामा बसून 'ड' ला उकार कसा द्यायचा ते सांगत होता. मुंबईत तो चार अक्षरं शिकला होता. मला बघून धोंडूदादाने उठायची धडपड केली.

"निजा, निजा! हे काय चाललंय?"

"तुमचाच निरोप, भाऊसायेब," तो धापा टाकत म्हणाला. "गंगूनं सांगितलान, सायबाचा हुकूम हाय. शिक, लिव! म्हंजी पगार चालू ऱ्हाईल. मी म्हनलं, मरनाच्या दारात सायेबाला ही काय लहर आली! पन हुकूम तो हुकूम. नावापुरतं आलंय बगा."

सिक लीव्ह. शिक, लिव. तापाने फणफणलेला माणूस आठ दिवस भिंतीवर अक्षरं गिरवत होता, कारण मला इंग्रजी पाजळायचं होतं. माझं थोबाड फोडून घ्यावं असं वाटलं. खरं काय ते सांगून टाकायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची बायको धाकूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "लय मन लावून शिकतात हो. खोकला आला तरी बोट थांबत नाय." मी तोंड मिटलं. "छान," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोली करून त्याला पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, मान हलवली आणि दीड महिन्याच्या विश्रांतीचा दाखला दिला. मी अर्ज पुढे केला. अंगठ्याला शाई लावायला लागलो, तर त्याने माझा हात बाजूला सारला. "अंगठा कशाला? शिकलोय ना!" आणि त्याने घाम गाळत सही केली. माझे डोळे इतके भरून आले होते, की सहीत काय लिहिलंय ते मी नीट वाचलंच नाही.

रावसाहेबांनी मात्र वाचलं. त्याला दवाखान्यात ठेवून मी महाडला परतलो, त्याच दुपारी. चष्मा पुढे ओढून ते म्हणाले, "हा घोंडू कोण?"

मी वाकून बघितलं. खरंच की! 'ध' च्या डोक्यावर रेघ नसते, ते मोकळं असतं. धोंडूदादाने सगळ्या नावावर एक सरळ रेघ ठोकून दिली होती आणि 'ध' चा 'घ' झाला होता. रावसाहेबांनी नोकरीपुस्तक उघडलं. तिथे बारा वर्षांपूर्वीचा अंगठा. "आमचा धोंडू निरक्षर. आणि हा घोंडू सही करतो. ही सही तुम्ही केलीत का?" मी शपथा घेतल्या. ते शांतपणे म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. त्याने माझ्यासमोर सही करावी. नाहीतर नाव कमी, आणि तुमचीही चौकशी." मी त्याच पावली पोलादपूरला परत निरोप धाडला. या वेळी चिठ्ठीवर लिहून, मराठीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रावसाहेबांना सांगितलं, की धोंडू बैलगाडीने निघालाय. ते हजेरीपुस्तकावरची धूळ झटकत म्हणाले, "येऊ दे. कचेरीत आला, नाव पुकारलं, त्याने ओ दिली, की मी हजेरी मांडणार. मग हजर माणसाला आजारपणाची रजा कसली?" हे ते चेष्टेने बोलत नव्हते. त्यांना चेष्टा येतच नव्हती. म्हणजे बघा, आला नाही तर बेपत्ता, आणि आला तर हजर!

मी धोतर सावरत रस्त्याला धावलो. गाडी बाजाराच्या तोंडाशी गाठली. आत पेंढ्यावर धोंडूदादा, डोकं धाकूबाईच्या मांडीवर. "धोंडूदादा, दोन गोष्टी ऐका," मी गाडीबरोबर पळत म्हटलं. "एक, 'ध' चं डोकं उघडं ठेवायचं. त्यावर रेघ नाही. दोन, नाव पुकारलं तरी हजर म्हणायचं नाही. तोंडातून तो शब्द गेला की रजा गेली."

"नाव पुकारल्यावर गप बसू?" त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. 'ध' ची भीती त्याला नव्हती, ही होती. "भाऊसायेब, ते माज्या हातात नाय हो. ते आपोआप भाईर पडतं."

मी आणि धाकूबाईने त्याला धरून आत आणलं. सगळे कारकून टाक खाली ठेवून बसले होते. रावसाहेबांनी हजेरीपुस्तक उघडलं, टाक शाईत बुडवला आणि पुकारलं, "धोंडू!"

मी बघितलं, त्याची छाती फुगली. मान ताठ झाली. ओठ उघडले. मी डोळे मिटून घेतले. काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर त्याने पटक्याचा शेव तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"धोंडू!" रावसाहेब पुन्हा म्हणाले. शेवाआडून नुसता खोकला आला. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा तो खाली बसायला लागला, मी काखेत हात घालून त्याला उभं धरलं. पण शब्द नाही.

"का रे, ओ का देत नाहीस? समोर तर उभा आहेस!"

त्याने शेव काढला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "रावसायेब, मी आजारी हाय. मी हितं नाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी टाक त्याच्या हातात दिला आणि कागद पुढे सरकवला. धोंडूदादा टेबलावर ओणवा झाला. 'ध' काढला. मग काना, मात्रा, अनुस्वार. 'डू' काढला. मग रेघ ओढायला टाक डावीकडे नेला आणि तिथेच थांबला. घामाचा एक थेंब कागदावर पडला. टाक 'ध' च्या डोक्यावरून अलगद उचलून त्याने पुढे टेकवला आणि उरलेली रेघ पुरी केली. 'ध' चं डोकं उघडं राहिलं.

रावसाहेबांनी चष्मा पुढे ओढून सही अक्षर-अक्षर वाचली. मग त्यांनी हजेरीपुस्तक मिटलं. "जो इथं नाहीच, त्याची हजेरी मी मांडू कशी?" असं म्हणून त्यांनी अर्जावर लिहिलं, 'दीड महिना भरपगारी, मंजूर'. दारातून बाहेर पडताना धोंडूदादा माझ्या कानात म्हणाला, "खाडा नाय ना पडला?" मी म्हटलं, "एकही नाही."

तंदुरुस्तीचा दाखला काही आला नाही. पाचव्या आठवड्यात धोंडूदादा गेला. गंगूनेच बाजारात सांगितलं. त्या दिवशी कचेरीत कुणी कुणाला मोठ्याने हाक मारली नाही. पुढे कितीतरी दिवस हजेरीला त्याच्या नावाच्या जागी मी नकळत टाक कागदावरून उचलून धरायचो, शाई सांडू नये म्हणून.

महिन्याभराने धाकूबाई त्याचा शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार न्यायला आली. तो गेला तेव्हा रजेवर होता, म्हणून पगार पुरा होता, एका दिवसाचाही कापलेला नव्हता. नव्या शिपायाने तिच्यापुढे शाईची गादी सरकवली. तिने ती बाजूला केली आणि टाक मागितला. डोक्यावरचा पदर सारखा करून ती हळूहळू नाव लिहायला लागली. 'धाकू'. 'ध' चं डोकं उघडं होतं.

"हे कधी शिकलात?" मी विचारलं. ती म्हणाली, "रजेत तेंनी मला शिकवलानी. म्हनायचे, बाईचं डोकं झाकायचं, पन ध चं उगडं ठेवायचं. सायबाचा हुकूम हाय, शिक, लिव. दोघांनी पाळला म्हंजी सायेब नाव कमी करनार नाय." मग ती रावसाहेबांकडे वळली. "पाळला ना हो आमी हुकूम?"

रावसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणी दिला होता हा हुकूम?"

त्या क्षणी खरं बोलायची हिंमत मला झाली नाही, आणि झाली नाही हे बरंच झालं. मी म्हटलं, "आपणच, रावसाहेब."

या माणसाने जन्मात कधी न घडलेली गोष्ट कागदावर घेतली नव्हती. मग त्यांनी टीपकागद उचलला, तिच्या सहीवर अलगद दाबला आणि म्हणाले, "हो बाई. मीच दिला होता."