एकोणीस शतांश सेकंद मागे

संगणकावर गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरचं नाव कुणी काढलं तरी मला आता शिसारी येते. सॉफ्टवेअरचा दोष थोडाच होता. त्याच्यासमोर वही घेऊन बसलेल्या माणसाचा जास्त होता, आणि तो माणूस मी होतो.

मी मोहाडीला राहतो. राईस मिलमध्ये येणाऱ्या धानाचा ओलावा मीटरने मोजतो. बावीस वर्षं झाली, दिवाळीनंतर आंधळगावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, जे नाटक होतं त्यात पेटी वाजवतो. माझ्या डाव्या हाताला ढोलकीवर मामा बसतात. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही. वय चौसष्ट, घरी धानाची शेती. मी त्या नाटकात यायच्या आधीपासून ते ढोलकीवर आहेत. वर्षभर ते शेतात असतात, पण कुणी विचारलं तर सांगतात, मी नाटकात वाजवतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी नाटक मंडळाची बैठक झाली. गाणारी नटी बाहेरगावची, ती नाटकाच्या तीन दिवस आधी येणार. तिला घरबसल्या सराव करता यावा म्हणून सहा गाणी रेकॉर्ड करून फोनवर पाठवायची असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण घरात लॅपटॉप होता आणि मला आकड्यांची आवड आहे हे सर्वांना ठाऊक होतं. त्याच बैठकीत अध्यक्षांनी आणखी एक सांगितलं. अध्यक्ष माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले की मामांचा हात मागच्या वर्षी ढिला वाटला. रेकॉर्डिंगमध्ये कळेलच. बरोबर असले तर बसतील, नाहीतर तुमसरचा एक ऑक्टोपॅडवाला तयार आहे. मामा तिथेच बसले होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "बाबू, माही परीक्षा तुयाच घरी हाय मंग."

ढोलकी माईकसमोर वाजवून पाहिली, तर शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज ढोलकीहून मोठा येई. मग मंडळाने घेऊन ठेवलेले हाताने वाजवायचे पॅड मी लॅपटॉपला जोडले. ही जोडणी मिडीची. मिडीमधून आवाज जात नाही, नुसती खबर जाते: कोणता पॅड वाजला, किती जोराने, आणि कधी. पडद्यावर प्रत्येक थापेचा एक ठिपका उमटतो. ठिपका कुठल्या क्षणी पडला हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येतं. हे पाहून मी फार खूश झालो होतो, हे इथे सांगायलाच हवं.

पहिल्याच दुपारी एक बिघाड निघाला. एक थाप मारली की दोन ऐकू येत. एक लगेच, एक किंचित मागून. मी तासभर बसलो आणि कारण शोधलं. पॅडला स्वतःचा छोटा स्पीकर होता, तो वाजत होता. शिवाय तीच खबर घेऊन सॉफ्टवेअरही आपला आवाज काढत होतं. मी ट्रॅकवरचं वाजताना ऐकवायचं बटण बंद केलं. दुसरी थाप गेली. वहीत लिहून ठेवलं: बिघाड, कारण, उपाय. इंटरनेटवरच्या व्हिडिओत मोठमोठ्याने बोलणारे लोक सहा उपाय सांगतात आणि त्यातला एकही तपासून पाहिलेला नसतो. आपण तसे नाही, असं मला वाटलं.

पेटी मी आधी वाजवून घेतली, टेबलाशी खुर्चीवर बसून, कानाला तारेचा हेडफोन लावून. दुसऱ्या दिवशी मामा आले. सायकल भिंतीला लावली, पाय धुतले आणि सरळ जमिनीवर मांडी घातली. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, खुर्चीवर तहसीलवाले बसतात. उभ्याने वाजवायचं का, म्हटलं, तर ते बँडवाल्याचं काम. मग सतरंजी अंथरली, चौरंगावर पॅड ठेवले. पण हेडफोनची तार टेबलावरून खाली पोचेना. हातभर कमी पडत होती. लॅपटॉप खाली घेता आला असता. पण टेबलावर माझ्या सगळ्या जोडण्या नीट लागलेल्या होत्या आणि त्या हलवायचं माझ्या जिवावर आलं. मुलीचे बिनतारी हेडफोन कपाटात होते, ते मी काढून मामांना दिले. त्यांनी एक कान झाकला आणि दुसरा पॅडचा आवाज ऐकायला मोकळा ठेवला.

मामांनी पहिलं गाणं एका दमात वाजवलं. वाजवताना नेहमीसारखी मान हलत होती. संपल्यावर म्हणाले, बरं झालं. मी दोन्ही ट्रॅक एकत्र लावले. ढोलकी मागे पडत होती. पेटी पुढे चालली आहे आणि ढोलकी मागून धापा टाकत येते आहे, असं.

मामांनीही ऐकलं. "हे मी नाई वाजवलो," ते म्हणाले.

मी ठिपके दाखवले.

"ठिपक्याचं मले काय सांगतेस? मी तं पेटीसंगच वाजवलो. पेटी माया कानात होती."

पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून वाजवलं, तरी तेच. तेव्हा मी वही काढली आणि चाळीस थापा मोजल्या. प्रत्येक थाप पेटीच्या मात्रेपासून किती मागे आहे ते लिहिलं, बेरीज केली, चाळीसने भागलं. सरासरी एकोणीस शतांश सेकंद.

मग मी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला, म्हणजे मला तसं वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाची सोय असते. ती प्रत्येक ठिपका उचलून जवळच्या रेषेवर नेऊन बसवते. लय मिनिटाला शंभर मात्रांची, म्हणजे एक मात्रा साठ शतांशांची आणि रेषा दर पाव मात्रेला, पंधरा शतांशांवर. एकोणीस शतांश मागे पडलेल्या ठिपक्याला आपल्या खऱ्या जागेपेक्षा पंधरावरची रेषा जवळ. सगळे ठिपके तिथे जाऊन बसले. पडद्यावर कवायतीसारखी रांग दिसत होती, आणि ऐकायला प्रत्येक थाप पाव मात्रा चुकलेली. शिवाय मामांच्या हातातला झोल, दोन थापांमधलं ते जरासं कमीजास्त अंतर, ज्यावर आमच्याकडचं गाणं चालतं, तो पार पुसला गेला. मढ्याला अंघोळ घालून नवे कपडे चढवावेत तसं ते दिसत होतं. मी ते परत काढून टाकलं, पण किळस गेली नाही.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, काय झालं. मी सभ्यपणे एवढंच म्हणू शकलो असतो की अजून जमलं नाही. पण माझ्या हातात वही होती. मी उभा राहिलो आणि वाचून दाखवलं की तीन वेळा वाजवलं, चाळीस थापा मोजल्या, ढोलकी सरासरी एकोणीस शतांश सेकंद मागे आहे. समोर सतरा-अठरा माणसं होती. त्यातल्या कुणालाही एकोणीस शतांश म्हणजे किती हे ठाऊक नव्हतं, पण आकडा ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एकजण म्हणाला, "मीटरबाबूनं सांगतलं म्हंजे मंग संपलं." थोडं हसू झालं.

मामा उठले. "पंचेचाळीस साल वाजवलो," ते म्हणाले, "कोनाले मोजा लागलं नाई." आणि चप्पल घालून गेले.

चार दिवसांनी मिलमध्ये हलक्या जातीचं लवकर निघालेलं धान यायला लागलं. तीन गाड्यांचे नमुने मी मीटरमध्ये टाकले. तिन्ही वेळा सोळा पूर्णांक दोन. मी लगेच मीटर बाजूला ठेवलं आणि दुसरं मागवलं. तीन शेतांचं, तीन गावांचं धान कधी सारखं ओलं नसतं. आकडा हलत नाही म्हणजे मीटर अडकलं आहे, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो.

ते मीटर तसंच हातात धरून मी उभा राहिलो. घरी वहीत मी सरासरी काढली होती. आकडे नुसते पाहिलेच नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो. अठरा, एकोणीस, एकोणीस, वीस, एकोणीस, अठरा, एकोणीस. चाळीसच्या चाळीस. माणसाचा हात थकला तर तो पाचने मागे पडतो, मग तीसने, मध्येच घाईत पुढे जातो. इतकं एकसारखं मागे राहणं कुठल्याच माणसाला जमत नाही. मी मुलीचे बिनतारी हेडफोन कानाला लावले आणि पॅडवर स्वतः नुसत्या मात्रा वाजवल्या. एकोणीस मागे. तारेचा लावला आणि वाजवल्या. कधी दोन पुढे, कधी तीन मागे. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो. मामांच्या कानात पेटीच उशिरा येत होती आणि ते तिच्याबरोबर अगदी नेमके वाजवत होते. लॅपटॉप टेबलावरून खाली ठेवला असता तर हे काहीच झालं नसतं. आणि पहिला बिघाड मी इतक्या हुशारीने दुरुस्त केला नसता, तर मामांना त्यांचीच थाप हेडफोनमधून मागून ऐकू आली असती आणि त्यांनी तिथेच मला थांबवलं असतं.

मी मामांचा ट्रॅक आहे तसा उचलून एकोणीस शतांश अलीकडे सरकवला. एकाही ठिपक्याला वेगळा हात लावला नाही. मग लावून ऐकलं. ढोलकी पेटीच्या पोटात जाऊन बसली. जेवण तसंच राहिलं.

मग मी आणखी एक घाण केली. मामांकडे जायच्या आधी अध्यक्षांकडे गेलो. पुरावा आधी दाखवावा, असं डोक्यात. पूर्ण गाणं त्यांच्या फोनवर पाठवलं, चूक माझी होती हे सांगितलं. त्यांनी दुकानातच ऐकलं, दोनदा. खरंच खूश झाले. बाकीचीही अशीच करून द्या म्हणाले. मी म्हटलं, मग मामांना निरोप देतो, तुमसरच्या माणसाला नको म्हणून कळवा.

"तुमसरवाला कायले लागते आता?" ते म्हणाले. "आन मामाले तरी कायले तकलीफ? मामा याच्यात हायतच ना जी. स्टेजवर हेच लावू."

पेटीही त्यातच आहे, म्हणजे मीही नको आहे, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. बाकीची पाच गाणी मी देणार नाही असं सांगितलं. त्यांनी फार मनावर घेतलं नाही. एक नमुना ऐकवला की नागपुरात कुणीही पाच करून देतो, असं त्यांचं म्हणणं. मोजून मापून मी मामांची निर्दोष नक्कल त्यांच्याच विरोधात तयार करून दिली होती.

मामा शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते. मी सगळं सांगितलं, हेडफोनपासून दुकानापर्यंत. त्यांनी गाणं ऐकायला मागितलं. फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं. एका जागी बोटं मांडीवर हलली.

"हा मीच हाव," ते म्हणाले.

"हो मामा."

"तं मंग बैठकीत काहून नाई म्हनला का मीटर खराब असन म्हनून? मी तं तुले सांगतलो होतो. तीनदा सांगतलो."

मी म्हटलं, चुकलं. ते म्हणाले, ते तर मोजलंसच. मग उठून धानाच्या बांधीतलं पाणी बघायला गेले.

पुढचं मला मंडळातल्या एकाने सांगितलं. नागपूरहून पाच गाणी आली, माझं एक होतंच. नटी आली आणि तालमीला उभी राहिली. आमच्याकडे गाणारी व्यक्ती लोकांचं तोंड बघून गाते. एखादी ओळ लोकांना लागली की तीच चार वेळा घेते, मध्येच थांबते, बोलते, पुन्हा उचलते, आणि वाजवणारा तोवर ठेका धरून वाट बघतो. स्पीकरमधली ढोलकी वाट बघेना. नटी दुसऱ्याच ओळीवर होती आणि गाणं संपून गेलं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने विचारलं म्हणे, की वाजवणारी माणसं मेली काय? जिवंत असतील तर बोलवा, नाहीतर मी परत जाते.

आम्हा दोघांना त्याच दिवशी बोलावणं आलं. मामा आले, ढोलकी घेऊन, धुतलेला सदरा घालून. नटीला राम राम केला, अध्यक्षांनाही केला. अध्यक्ष त्यांच्यासाठी चहा घेऊन आले तो घेतला. नाटकात ते आपल्या जागी बसले आणि चांगले वाजवले. किती चांगले ते मी मोजलं नाही.

पण पेटी आणि ढोलकी शेजारी बसली की समेवर येताना दोघं एकमेकांकडे बघतात. कुणी ठरवलेलं नाही, होतंच ते आपोआप. बावीस वर्षं मामा माझ्याकडे बघत आले. त्या नाटकात सहा गाणी झाली आणि प्रत्येक समेला मी डावीकडे मान वळवली. ते नटीच्या पायांकडे बघून वाजवत होते.