केळीच्या वखारीत फुटलेला किरण

नव्वदीच्या दशकात सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याने पत्रा कापायचा लेसर घेतला आणि तो चालवायला मला ठेवलं. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. मी नुकतीच फिजिक्सची पदवी घेतलेली, तोंडाने फटकळ. यंत्र आधी जळगावच्या एका शेडमध्ये होतं. मे महिन्यात तिथे त्याचं भिंग तापून फुगायचं आणि किरणाचा नेम ढळायचा. आबा म्हणाले, यंत्र सावद्याला, माझ्या केळी पिकवायच्या वखारीत हलवू. जाड भिंती, वाळ्याचे पडदे, गारच गार! मीही मान डोलावली. शहाणी ना मी!

तिथे तर सगळंच बिघडलं. ॲक्रिलिकच्या तुकड्यावर किरणाचा ठसा घेतला की तो गोल यायला हवा. माझा यायचा थापताना फाटलेल्या भाकरीसारखा. भिंग बदललं, आरसे पुसले, थंडाव्याच्या पाण्यात बर्फ टाकला, तर भिंगालाच घाम फुटला. शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. कापणी सरळ आली नाही तर यंत्र परत पाठवायचं आणि मी घरी जायचं, असं आबांनी सांगून टाकलं होतं. मला रडू यायचं आणि रागही.

बुधवारी शेजारच्या खोलीतली केळी ट्रकमध्ये गेली, दारं उघडी राहिली आणि ठसा एकदम गोल! गुरुवारी नवे घड आत आले, पिकवायला धूर दिला आणि पुन्हा फाटकी भाकरी. मी मटकन खाली बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. धुरातला, केळी पिकवणारा वायू दाराच्या फटीतून येऊन किरणाची उष्णता पीत होता. वाटेतली हवाच तापायची आणि किरण पसरायचा.

आबांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. तीन पिढ्या केळीवर जगलेला माणूस, केळी कुठे हलवणार? मग मीच म्हटलं, केळी राहू द्या. विहिरीवरचा जुना पाइप आणला, किरणाची सगळी वाट त्यात बंद केली आणि पंख्याने बाहेरची स्वच्छ हवा आत सोडली. शुक्रवारी संध्याकाळी ठसा गोल आला. मी वखारभर नाचले, अगदी हमालांसमोर.

शनिवारी गिऱ्हाइकाने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि काम दिलं. ते गेल्यावर आबा शेजारच्या खोलीतून एक पिवळंधमक केळं घेऊन आले.

"घे माय," ते म्हणाले. "यानंच तुले रडवलं, आता तूच याले खाय."

मी चार खाल्ली.