सड्यावरची रिकामी चौकट

"तीन दिवस सड्यावर येतेस का? मी झाडं ओळखीन, तू लिहून घे," मधुरानं फोनवर विचारलं. माझा पहिला प्रश्न होता, "पैसे कोण देतंय?"

"खाणवाले."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मदतीपेक्षा पाळत ठेवायला. मधुरा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. सदाशिव पेठेत राहते, वनस्पतींच्या पाहण्या करून पोट भरते. कोल्हापूरच्या पश्चिमेला एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट जांभ्या कातळावर, बॉक्साइटची खाण काढायची आहे. त्याआधी तिथे काय उगवतं याची नोंद करावी लागते. सडा ओसाड ठरला की खाणीचं काम सोपं. आणि नोंद करणारीला पैसे देणार तेच! मला हे पचेना.

तुम्हीही जाणार असाल तर पुण्यातून, वारज्याहून, उजाडायच्या आत निघा, नाहीतर खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे बसावं लागतं. कराडच्या अलीकडे मिसळ बरी मिळाली. कोल्हापुरातच पेट्रोल भरून घ्या. पुढचे पंप बेभरवशाचे आणि शेवटचा रस्ता नुसते खड्डे. गावातली खोली हजाराच्या आत, स्वच्छ, गरम पाणी बादलीभर. सप्टेंबरात छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. रेनकोट आणि पकड असलेले बूट हवेत.

सकाळी कंपनीचे साळुंखे जीप घेऊन हजर. "मॅडम, दुपारी तांबडा-पांढरा सांगून ठेवलाय."

"आम्ही डबा आणलाय," मी म्हटलं.

जीपमध्ये मधुरानं हळूच विचारलं, "काय आणलंयस डब्यात?"

"बिस्किटं."

"वा. तत्त्वाला धरून उपास."

वर पोहोचलो तर साळुंख्यांनी पाहणीच्या जागा म्हणून लाल झेंड्या आधीच रोवलेल्या. "तुम्हाला चालायला सोपं म्हणून." सगळ्या झेंड्या जीपच्या वाटेला लागून, चाकांनी तुडवलेल्या चिखलात. मी मधुराकडे पाहिलं.

"फार छान," ती म्हणाली. "आता काढून घ्या, गुरांच्या पायात येतील."

तिनं पाहणीच्या जागा पुण्यातच संगणकाला डोळे मिटून निवडायला लावल्या होत्या. जीपीएस नेईल तिथे जायचं, पाइपची मीटरभर चौकट टाकायची आणि आत असेल ते लिहायचं. तरी माझा संशय जाईना. त्या यंत्रात हिनं काय भरलंय, मला कुठे कळतंय?

पण पहिल्या चौकटींनी मला गप्प केलं. बोटभर पाण्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, पांढरे गेंद, आणि वाकून पाहिल्यावर दिसणारे दवबिंदू नावाच्या रोपट्याचे लाल, चिकट, किडे धरणारे तुरे. जिथे पाय ठेवायला जावं तिथे काहीतरी फुललेलं.

म्हशी चारायला आलेल्या एक आक्का लांबून बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "कंपनीच्या का तुमी?"

"नाही हो, पुण्याच्या."

"मग त्येच की." लगेच त्यांनी विचारलं, "तुमी ल्हिवलं म्हंजे सडा जातोय न्हवं? आमच्या म्हशीनी कुटं जायाचं?"

तेवढ्यात मधुराची पुढची चौकट उघड्या कातळावर पडली. आत गवताची काडीसुद्धा नाही. दहा पावलांवर मात्र जांभळा गालिचा.

"जरा तिकडे सरकव ना," मी कुजबुजले.

"का?"

"आक्का काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं. 'वनस्पती नाही' असं लिही."

"कुणाला कळणार आहे?"

"कळलं तर बाकीच्या सगळ्या चौकटी खोट्या ठरतील. नाही कळलं, तर माझ्यात आणि झेंड्यावाल्यात फरक काय?"

मी लिहिलं. आक्कांनी विचारलं, "काय ल्हिवलं?"

"इथे काही नाही, असं."

त्यांनी चौकटीत डोकावून पाहिलं. "खरंच न्हाई की," म्हणाल्या. मग साळुंख्यांकडे बघून, "पर सायबाला एवढंच पुरं," आणि म्हशी वळवून निघून गेल्या.

साळुंखे तोवर मोबाइल काढून उभे होते. सकाळपासून त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. या चौकटीचे चार काढले.

जिच्यावर पाळत ठेवायला गेले तिनं चौकट हलवली नाही. हलवायला मी निघाले होते. चांगल्यासाठी, असं मी अजूनही स्वतःला सांगते. साळुंखेही झेंड्या रोवताना स्वतःला काहीतरी सांगत असतीलच.

मधुरानं अहवाल दिलाय, सगळ्या चौकटींसह, त्या रिकाम्या चौकटीसकट. कंपनी त्यातलं काय पुढे करेल आणि काय दाबेल, याबद्दल माझा संशय कायम आहे. ही पोस्ट लिहायला बसल्यावर मी माझे फोटो चाळले. ढीगभर फुलं. उघड्या कातळाचा एकही नाही. तो काढावा असं मला सुचलंच नव्हतं.

म्हणून इथे फोटो लावलेले नाहीत. सडा पाहायचा असेल तर सप्टेंबरात स्वतः जा, फुलं चुकवत पाय टाका, आणि कातळही बघा. आहे तोवर.