भातकुलीच्या भिंतीवरची आई

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. भातकुलीकडच्या एका घरात, देवघराशेजारी, हार घातलेलं एका बाईचं तैलचित्र आहे. घरातले तिला आई म्हणून नमस्कार करतात. ती त्यांची आई नाही. माझी आहे.

अमरावतीत माझं दुकान आहे. लोक गेलेल्या माणसांचे फोटो आणतात, मी त्यावरून चित्रं काढतो. भाजीचा मळा करणारे एक बहीणभाऊ आले, त्यांच्याकडे फोटोच नव्हता. आई गेली तेव्हा बहीण शाळेत जायची, भाऊ मांडीवर होता. आता नवं घर बांधलं होतं आणि भिंतीवर आई पाहिजे होती.

"मी सांगते तसं काढा, दादा," बहीण म्हणाली.

सावळी, नाकात खडा, हसताना डोळे बारीक. मी काढत गेलो, ती मान हलवत गेली. "हे नाही. हे तं शाळेतली मास्तरीन वाटते."

भाऊ वैतागला. "ताई, तुले तरी आठवते का? उगाच राबवून राहिली यायले!"

"तू चूप बस. तू तं मांडीवर मुतत होता."

शेवटी मी तिचं वर्णन बाजूला ठेवलं. अकोल्यात, जुन्या शहरात, माझी आई फुलं विकायची. गजरा ओवताना तिचेही डोळे बारीक व्हायचे. चित्रासाठी बस म्हटलं की म्हणे, "माह्या तोंडावर कायले रंग वाया घालवतं?" ती गेली, आणि तिला काढायचं राहूनच गेलं. त्या दिवशी मी कोणाला काढतोय हे मला कळत होतं. थांबलो नाही. हनुवटीखालची हिरवट छाया कुठल्या फोटोतली नाही, टोपलीतल्या पानांची ती तिच्या गळ्यावर पडायची. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो इमानानं उतरवले, पण माझं म्हणावं असं चित्र हे एकच. फार चांगलं झालंय ते. हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

बहीण कितीतरी वेळ पाहत राहिली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "हेच."

"ताई, हे तं तुयासारखी दिसते!"

"मंग? आई कोनाची व्हय?"

वास्तूच्या जेवणाला मला बोलावलं. पंगतीत भाऊ शेजारी बसला. "दादा, मले आता आठवते. आई अशीच पाहे माह्याकडे." बहिणीजवळ तिची अशी आठवण तरी होती. याच्याजवळ काहीच नव्हतं, त्या रिकाम्या जागी मी माझी आई बसवली होती.

"सही कावून नाही केली?" त्यानं विचारलं.

"पूजेच्या चित्रावर करत नसतो," मी म्हणालो. ते खरं होतं, म्हणून सोपं गेलं.

त्या बाजूला गेलो की अजूनही डोकावतो. हार ताजा असतो. जन्मभर दुसऱ्यांसाठी हार ओवणाऱ्या माझ्या आईला असा मान कोणी दिला नव्हता, तो माझ्या हातानं मिळाला, याचा अभिमान वाटतो.

त्या भावाला खरं सांगणं मात्र माझ्याकडे अजून बाकी आहे.