दुखवट्याचं ताट

बायको उन्हाळ्यात गेली. दिवाळीला मी पुण्यात पोराच्या घरी होतो.

आमच्याकडं माणूस गेलेल्या घरात पहिल्या दिवाळीला तळणीची कढई चढत नाही. भावकी, शेजारी आपल्या घरचं ताट घेऊन येतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. मागायचं नसतं. त्यांनी आपणहून यायचं. तोवर घराचं दुःख उठत नाही. एवढी साधी गोष्ट, हिला काही शाळा लागत नाही.

पुण्यात सण मात्र लई. दारात रोज जाहिरातींचे रंगीत कागद पडायचे. नवरात्रात बिल्डिंगखाली गुजराती बाईची उपासाची थाळी, तिला लागून बंगाल्यांच्या मंडपात तळलेला मासा. कुणाचा उपास, कुणाचा मासा. सूट दोन्हीवर सारखीच. वरच्या तेलुगू माणसानं इडलीवर वडा फुकट लावलेला. विकू द्या, कष्टाचं विकतात. पण एवढी जत्रा माणसांची, त्यात एकानं विचारलं नाही की हे म्हातारं का गप बसतंय.

दिवाळीच्या दिवशी मी दार उघडं टाकून खुर्ची घेऊन बसलो. प्रत्येक घरातून तळणाचा वास. येणारेजाणारे 'हॅप्पी दिवाळी, अंकल' म्हणायचे आणि लिफ्टात शिरायचे. शेवटी एक माणूस थांबला. पिशवी दिली, मोबाइलात बघितलं आणि पळाला.

"दादा, फराळ आला," पोरगा म्हणाला.

"कुणी धाडला?"

"मागवलाय. दोन डब्यांवर एक फुकट होता."

मी डबा ढकलून दिला. तर मला समजावतो, "आपण कढई चढवली का? नाही. परक्या माणसानं आणून दिलं का? दिलं. झालं की तुमच्या मनासारखं!"

"त्याला तुझी आई गेल्याचं ठाव हाय का?"

"त्याला कशाला सांगायचं?"

"मग कशाचं ताट आणलं बे त्यानं?"

सून मधे आली. "मामा, एक चकली तरी घ्या. मऊ आहे."

"दात हायेत मला."

पोरगा चिडला. "इथं सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, दादा. समोरच्यांना सांगू का मी?"

"सांगून आणवलेली भीक असती. ताट नसतंय."

सकाळची एसटी धरून गावी आलो. तिथंही थोबाडीत. पाऊस नाही, विहिरी कोरड्या. माणसं दिवाळीच्या आधीच ऊसतोडीला निघून गेलेली. गल्लीभर कुलपं. मी ओट्यावर बसून पावसाला शिव्या दिल्या, पुण्याला दिल्या, वर गेलेल्या बायकोलाही दिल्या.

दिवे लागायच्या वेळी बांधाशेजारचा म्हातारा आला. आमचं बोलणं किती वर्षं बंद होतं ते दोघांनाही सांगता यायचं नाही. मागच्या एका दुष्काळात त्याची आई वारली होती. त्या दिवाळीला साखर कारखान्यानं सभासदांना स्वस्तात साखर दिली. हा सभासद, याच्या घरात पोतं. त्याच कारखान्याचा ऊस तोडून आमच्या हाताची सालटी निघालेली, आम्हाला चिमूटभर नाही. तरी बायको गुळाचे गुलगुले तळून याच्याकडं निघाली. मी दारात आडवा झालतो. "सरका," एवढंच म्हणाली.

आता त्याचाही ऊस वाळला होता, त्याची सूनही कोयता घेऊन गेली होती. त्यानं स्वतः तळलं होतं. काळे ठिक्कर गुलगुले.

"हे काय, शेणी आणल्या का?" मी म्हणालो.

"खा बे."

"तुझ्या घरचं मी खात नसतो."

"तुला कोण इचारतंय? तिनं माझ्या आईचं दुःख उठवलतं. तिचं मी उठवणार. तू मधी येऊ नको."

मी एक उचलला. आतून कच्चा. तसं तोंडावर सांगितलं.

"शिव्या दे, पण गिळ."

दुसरा खाताना डोळ्यांना धार लागली, तर मी कारखान्याच्या नावानं बोंबलायला लागलो, मोठमोठ्यानं. तो सभासद माणूस, तरी एक शब्द उलट बोलला नाही. ताट रिकामं होईपर्यंत समोर उकिडवा बसून राहिला.