वऱ्हाडातला सरळ दगड

रंगरावांना वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, तर परक्याच्या घरातही उठून सरळ करतील. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढली आणि त्या अख्ख्या काळात दुसऱ्या एकाही फिटरच्या कामाला बरं म्हटलं नाही. निवृत्त झाल्यावर मशिनं सुटली, खोड काही सुटली नाही.

वारज्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी पाच उभे दगड आहेत. पुरुषभर उंच, एका रांगेत. गाव त्यांना वऱ्हाड म्हणतं. कुठलंसं लग्नाचं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, अशी गोष्ट. शेतं जाऊन इमारती आल्या, तरी जुन्या घरांत लग्न निघालं की पहिली पत्रिका आणि मूठभर अक्षता त्या दगडांपुढे ठेवायच्या, हे चुकत नाही.

बारा वर्षांपूर्वी पुतण्याचं, रणजितचं लग्न ठरलं. पत्रिका ठेवायला गेलेले रंगराव शेवटच्या दगडापुढे थबकले. तो चांगला हातभर कलला होता. आपल्या घरचं कार्य, आणि वऱ्हाडी असा कलंडलेला? छे! दुसऱ्याच दिवशी चेन-पुली आली, चार गडी आले, ओळंबा लागला, दगड सुतासारखा सरळ झाला आणि बुडाशी दोन घमेली सिमेंट पडलं. लग्नात त्याबद्दल रंगरावांना शाल-नारळ मिळाला. ती शाल अजूनही पाहुणे आले की कपाटातून बाहेर निघते.

यंदा एक नवा रस्ता नेमका त्या दगडांवरून आखला गेला. गावाने अर्ज केला. उत्तर आलं, की दगड प्राचीन आहेत आणि मूळ जागीच आहेत असं तज्ज्ञांनी लिहून दिलं तर रस्ता वळवू, नाहीतर दगड काढू. पाहणीला तनुजा मॅडम आल्या. पुरातत्त्व शिकवणाऱ्या, बोलायला साध्या. चार दगड पाहून हरखल्याच. "तीनेक हजार वर्षांपूर्वीचे असावेत," म्हणाल्या. मग पाचव्यापाशी बसल्या आणि माती खरवडली.

"हे तर सिमेंट आहे. हा दगड कुणी उभा केला?"

सगळं गाव हजर होतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी काकांना वाचवायला रणजित पुढे सरसावला. "मॅडम, पणजोबाच्याबी आधीपासून असाच हाय त्यो."

"पणजोबांच्या आधी तुमच्या गावात सिमेंट मिळत होतं? कमाल आहे." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "एक दगड नंतरचा निघाला, तर बाकीच्या चारांवरही संशय येतो. मी संध्याकाळपर्यंत आहे. कुणाला काही आठवलं तर सांगा."

रंगराव घरी आले. ताटात आवडीचं भरलं वांगं होतं, तरी घास तोंडातच फिरत राहिला. खरं सांगावं तर शाल-नारळावर पाणी, गप्प बसावं तर वऱ्हाडावर बुलडोझर. त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, दोन मिनिटं पाहिलं.

"अवो, जगाचं वाकडं सरळ करत फिरता, सवताचं कवा करनार? उठा. वांगं झाकून ठिवते."

रंगराव उठले. मागोमाग द्वारकाबाईही निघाल्या.

"मॅडम, ते सिमेंट माझं हाय," दगडांपाशी पोचताच रंगरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "दगड जुनाच, जागाबी तीच. कलला व्हता, म्हनून मी सरळ केला. चुकलं."

मॅडमच्या देखरेखीखाली त्यांनी स्वतःच छिन्नी-हातोडी धरली आणि आपलंच काम फोडायला घेतलं. दोन तास लागले. काम पक्कं होतं ना! सिमेंट सुटलं तेव्हा खाली, न हललेल्या बाजूला, लहान लहान दगडांच्या पाचरी दिसल्या. एकेक निवडून, ठोकून बसवलेली. मॅडम आनंदाने ओरडल्याच. "हीच मूळ बैठक! आता काही शंका नाही."

रंगरावांनी एका पाचरीला बोट लावून हलवून पाहिलं. दुसरीला, तिसरीला. एकही हलेना. ते तसेच मातीत बसून राहिले.

"मी दोन घमेली वतून मोकळा झालो," ते हळूच म्हणाले. "ह्यानं एकेक पाचर मापात बसवलीया. माझ्यापरीस चांगला फिटर व्हता."

"जल्मात पयल्यांदा दुसऱ्या फिटरला बरं म्हनले," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि सगळं गाव हसलं.

महिन्याभराने अहवाल आला. रस्ता वळला. अहवालात एक ओळ होती: पाचवा दगड स्थानिक रहिवासी रंगराव यांनी चुकीच्या पद्धतीने सरळ केला होता. रंगरावांनी त्या पानाच्या दहा झेरॉक्स काढल्या आणि घरोघर वाटल्या.

"काका, ह्यात तुमची चूक छापलीया," रणजित म्हणाला.

"छापू दे की! तीन हजार वर्सांत दोन फिटरांनी हात लावला त्या दगडाला. त्यातल्या एकाचं नाव कागदावर आलं." बोलता बोलता रंगरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "पर खरं काम ज्यानं केलं, त्याचं राहिलं बघ लिवायचं."