मी तिचं जठर पाहिलं

मंगळवारी माझ्या पत्नीचं जठर काढलं. दुपारी दीड वाजता ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि सिस्टरने मला बोलावलं.

आपल्याकडे ही रीतच आहे. शरीरातून काही काढलं की घरच्या कुणाला तरी दाराशी बोलावून ते दाखवतात. बहुतेक लोक ओझरतं बघतात आणि मान फिरवतात. मला तसं करता येणार नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिने बजावलं होतं, "मी बेशुद्ध असणार. तुम्ही नीट बघायचं, आतून आणि बाहेरूनही. आणि मला जसंच्या तसं सांगायचं. डॉक्टर मला सांभाळून घेतील, तुम्ही घेऊ नका."

ती वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायची. मी छापखान्यात मुद्रितशोधक. त्या वर्षांत खिळे जुळवणारे घरी बसले होते, त्यांच्या जागी संगणक आले होते, आणि आमच्या गल्लीतली मुलं सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायला लागली होती. रविवारी आमच्या घरी मात्र वेगळी मुलं यायची. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली, मराठी शाळेत शिकलेली. उत्तर येत असूनही वर्गात इंग्रजीच्या धाकाने हात वर न करणारी. त्यांच्यासाठी ती मराठीत टिपणं लिहायची आणि त्यांची प्रूफं मी वाचायचो. शाळेत बेडूकसुद्धा न कापलेल्या माणसाला जठर कळलं ते असं.

कळलं म्हणजे काय, मी थक्क झालो. रिकामं असताना मुठीएवढं, आणि जेवण येऊ लागलं की ते स्वतःहून सैल होतं, जागा करून देतं. स्वतः आम्ल तयार करतं आणि त्या आम्लाने स्वतः जळत नाही, कारण आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. इतकं सगळं आत चाललेलं असतं आणि वर आपण पेपर वाचत बसलेलो असतो. मुलांना ती म्हणायची, "जठर म्हणजे स्वारगेटचा स्टँड. गाड्या सगळ्या येणार, पण सुटणार एकेक, आणि तेही वेळ झाल्यावर."

त्या टिपणांत कर्करोगाचा एक परिच्छेद होता. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली यावर पुढचं ठरतं. सगळ्यांत बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली असेल तर आशा कमी. त्या परिच्छेदातला एक स्वल्पविराम मी काढला होता. बाकी मजकूर निर्दोष होता.

सर्जन तरुण होते. त्यांनी ट्रे पुढे केला आणि कापलेली बाजू बोटांनी उघडून धरली. आतल्या वळ्या भिजलेल्या जाड मखमलीसारख्या होत्या, गुलाबी. आमच्या लग्नातली जिलेबी यातून गेली होती. सव्वीस वर्षांच्या भाकऱ्या, परीक्षकांच्या बैठकांमधला बेचव चहा, आमच्या भांडणांनंतर मुकाट्याने गिळलेले घास, सगळं याने कुरकुर न करता पुढे पाठवलं होतं. आखूड वक्रतेवर, म्हणजे आतल्या वळणाच्या बाजूला, एक व्रण होता, काठ उचललेला. मला भीती वाटायला हवी होती. मी देवळात उभं राहावं तसा उभा होतो.

मग मी बाहेरची बाजू बघायला मागितली. सर्जननी माझ्याकडे पाहिलं आणि ट्रेमधलं जठर उलटं केलं. तिथे रुपयाएवढी जागा आत ओढली गेली होती. पांढरट.

हे तिला एवढ्यात सांगू नका, असं ते म्हणाले. रिपोर्टला आठ दिवस लागतील, तोवर अंगात थोडी ताकद येऊ दे. त्यांचं म्हणणं रास्त होतं. तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून तेच घोकत राहिलो.

चौथ्या दिवशी नाकातली नळी निघाली आणि तिने तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारायला सुरुवात केली. व्रण कुठे, केवढा, काठ कसे. मी सगळं सांगितलं.

"आणि बाहेरून?"

मी तिची उशी सारखी करायला लागलो.

"माझी प्रूफं नीट वाचली होतीत ना? मग बोला."

"एका जागी आत ओढलं गेलं होतं. पांढरट होतं."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "बाहेरच्या परीक्षकांनी पूर्ण गुण दिले असते तुम्हाला. हातात वर्षभर आहे असं धरू या."

पुढे मी जे पाहिलं ते ट्रेमधल्यापेक्षाही नवलाचं होतं. अन्ननलिका सरळ आतड्याला जोडलेली, मधे काहीच नाही, आणि तरी ती जेवत होती. सुरुवातीला चार चमचे, दिवसातून सहा वेळा. एकदा हट्टाने दोन चमचे श्रीखंड खाल्लं तर घामाने भिजली, छाती धडधडली. पण महिन्यामहिन्याने घास वाढत गेले. आतडं हळूहळू जास्त अन्न सामावून घ्यायला शिकत होतं, सत्तेचाळीस वर्षांत कधी न केलेलं काम.

तिसऱ्या महिन्यात तिने रविवारचा वर्ग पुन्हा सुरू केला. पहिला विषय जठरच घेतला. मुलं वहीतून मान वर करेनात. तेव्हा ती म्हणाली, "घाबरताय काय? माझी बस आता स्वारगेट घेत नाही, इतकंच. थेट पुढे कात्रज." एक जण हसला आणि मग सगळेच हसले. यवतमाळकडची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला भूक लागते?"

"नाही," ती म्हणाली. "घड्याळ बघून जेवते. हे लिहून घ्या, पुस्तकात एवढं स्पष्ट दिलेलं नाही."

ती चौदा महिने जगली. वर्षच आहे असं धरून तिने अर्धवट राहिलेली टिपणं पुरी केली, यकृत, स्वादुपिंड, मोठं आतडं. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर कदाचित तिने ते महिने विश्रांतीत घालवले असते, कदाचित आम्ही कुठे फिरायला गेलो असतो. सांगितलं ते बरं केलं का, हे मी तिला विचारलं नाही.

आता घरात मी एकटा असतो. दुपारी भूक लागते. मी जेवतो.